सवय कायमची बदलण्यात अंतर्मनाचा वाटा नेमका किती?

उत्तररात्र यांचा प्रश्न:

सवयी बदलण्याविषयी गेल्या वर्षभरात मी बरेच वाचले आणि ऐकले. त्यातला बहुतेक मजकूर एकाच विधानाभोवती फिरतो: आपल्या वागण्याचा पंचाण्णव टक्के भाग अंतर्मन चालवते, तेव्हा संकल्प, वेळापत्रक, इच्छाशक्ती ही सगळी वरवरची मलमपट्टी असून टिकाऊ बदल हवा असेल तर अंतर्मनालाच नव्याने वळण लावले पाहिजे. त्यासाठीचे उपायही ठरलेले आहेत. झोपताना ध्वनिफिती ऐकाव्यात, 'मी शांत आहे, मी शिस्तीचा आहे' अशी वाक्ये रोज सकाळी म्हणावीत आणि एकवीस दिवस त्यात खंड पडू देऊ नये.

मला दोन सवयी सोडायच्या आहेत. नखे कुरतडण्याची सवय लहानपणापासूनची आहे आणि अंथरुणावर पडल्यावर फोन हातात घेऊन तासभर घालवण्याची अलीकडची. दोन्ही सुटतात, काही आठवडे बरे जातात, आणि मग कामाचा ताण वाढला किंवा दिनक्रम विस्कटला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यातही नखांच्या बाबतीत बोट तोंडात कधी गेले हेच कळत नाही. लक्षात येते तोवर नख अर्धे तुटलेले असते. माझी अडचण इथेच आहे. जी गोष्ट होताना मला कळतच नाही, ती मी जाणीवपूर्वक थांबवणार तरी कशी? आणि ती जर खरोखरच जाणिवेच्या आवाक्याबाहेर असेल, तर अंतर्मनाला सूचना देण्याच्या या उपायांना संशोधनाचा काही आधार आहे का, की ही सारी विक्रेत्यांची भाषा आहे? ज्यांचा या विषयाशी अभ्यासाने किंवा व्यवसायाने संबंध आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. 'मनावर घेतले की सगळे होते' हा सल्ला मला घरीच पुष्कळदा मिळालेला आहे.

मृद्गंधा यांचा प्रतिसाद:

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पंचाण्णव टक्के हा आकडा कोणी मोजलेला नाही आणि तो मोजायचा कसा हेही कोणी सांगत नाही. तो सोडून द्यावा. मोजलेला आकडा हवाच असेल तर वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा आहे. आपण काय करत आहोत आणि त्या वेळी मनात काय चालले आहे याची नोंद विद्यार्थ्यांनी दर तासाला ठेवली, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी आणि बहुधा मन दुसरीकडे असताना केल्या जातात असे आढळले. हे प्रमाणही काही थोडे नव्हे. सवयीचा कारभार बराचसा जाणिवेबाहेर चालतो, एवढे तुम्ही वाचलेले खरेच आहे. गफलत होते ती त्यानंतरच्या 'म्हणून अंतर्मनाशी बोला' या उडीत.

१९५३ साली अपस्मारावरील उपचार म्हणून हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (आठवणी साठवण्याशी निगडित भागाचा) मोठा भाग काढण्यात आला आणि त्यानंतर घडलेल्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी कडांमधून पेन्सिल फिरवण्याचे काम दिले. हे काम पूर्वी केल्याची आठवण त्याला कधीच नसे, तरीही तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला. पुढे १९९६ साली बार्बरा नोल्टन, लॅरी स्क्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू दाखवली. पत्ते पाहून पाऊस पडेल की ऊन, याचा अंदाज करायचा असा त्यांचा प्रयोग होता. मोलेसनसारखी नव्या आठवणी धरून ठेवण्याची क्षमता गमावलेल्या रुग्णांना प्रयोगाचा तपशील आठवत नव्हता, पण अंदाज मात्र इतरांइतकेच सुधारत गेले; कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णांना तपशील नीट आठवत होता, पण अंदाज सुधारले नाहीत. कंपवातात बिघडतो तो मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लियाचा कारभार, आणि सवयीचे शिक्षण मुख्यतः तिथेच चालते. म्हणजे 'काय घडले' हे लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि 'अशा वेळी काय करायचे' हे अंगवळणी पाडणारी वेगळी.

या दुसऱ्या यंत्रणेचे वैशिष्ट्य असे की तिला हेतू ठाऊक नसतो. अँथनी डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांना खाद्यासाठी दांडी दाबायला शिकवले आणि नंतर त्या खाद्याची शिसारी बसेल अशी व्यवस्था केली. ज्या उंदरांचा सराव थोडा झाला होता त्यांनी दांडी दाबणे बऱ्याच अंशी सोडले. ज्यांचा सराव खूप झाला होता ते, खाद्य नकोसे झाले असतानाही, दाबतच राहिले. माणसांवरचा २०११ सालचा एक प्रयोग मला याहून बोलका वाटतो. चित्रपटगृहात काही प्रेक्षकांना ताजे आणि काहींना आठवडाभर शिळे पॉपकॉर्न देण्यात आले. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची ज्यांची पक्की सवय होती त्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, आणि ते आवडले नाहीत असे स्वतःच सांगितले! तेच पॉपकॉर्न सभेच्या खोलीत दिले, किंवा नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावले, तेव्हा शिळे खाणे कमी झाले.

'मी शिस्तीचा आहे' हे वाक्य या यंत्रणेपर्यंत पोहोचत नाही. ती शिकते ते एवढेच की अमुक जागी, अमुक घडल्यावर, शरीराने अमुक केले आणि त्यातून काहीतरी सुखावह मिळाले. ध्वनिफितींविषयी सांगायचे तर अँथनी ग्रीनवाल्ड यांनी १९९१ साली त्यांची सरळ परीक्षा घेतली. स्मरणशक्ती आणि आत्मसन्मान वाढवण्याचा दावा करणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या सूचनांच्या फिती लोकांना महिनाभर ऐकवण्यात आल्या. त्यातल्या निम्म्यांवरची नावाची चिठ्ठी मुद्दाम उलटी लावली होती. फितीतल्या मजकुराचा परिणाम काहीच दिसला नाही, पण एक तृतीयांशाहून अधिक लोकांना चिठ्ठीवर जे लिहिले होते त्यात आपली प्रगती झाल्याचे वाटले. झोपेत मोठ्याने वाजणाऱ्या फिती हा थोडा निराळा प्रकार आहे, परंतु त्यांनी सवय बदलावी असे कारण मला दिसत नाही.

पूर्वपक्ष यांचा प्रतिसाद:

मृद्गंधा यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण एक हरकत नोंदवतो. इथे दोन वेगळ्या कल्पना एकमेकींत मिसळत आहेत. फ्रॉइडच्या मांडणीतील अबोध मन म्हणजे दडपलेल्या इच्छांचे कोठार. त्याला स्वतःचे हेतू असतात आणि ते आपल्याला चकवते. जॉन किलस्ट्रॉम यांनी १९८७ साली ज्या बोधनिक अबोध प्रक्रियांची, म्हणजे नकळत चालणाऱ्या आकलन-स्मरणाच्या क्रियांची, चर्चा केली त्या यांत्रिक असतात, त्यांना काही लपवायचे नसते. बाजारातले 'अंतर्मन' पहिल्याचे गूढ आणि दुसऱ्याची शास्त्रीय प्रतिष्ठा एकत्र करून विकले जाते.

शिवाय या क्षेत्रातील सगळेच प्रयोग पक्के नाहीत. वार्धक्याशी संबंधित शब्द वाचल्यावर तरुण माणसे हळू चालू लागतात हा १९९६ सालचा गाजलेला निष्कर्ष २०१२ साली पुन्हा तपासला तेव्हा टिकला नाही. इच्छाशक्ती वापरली की संपत जाते या सिद्धान्ताची २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून तपासणी केली आणि हाती जवळजवळ शून्य लागले. आणि १९५७ साली चित्रपटाच्या पडद्यावर क्षणार्धात झळकवलेल्या सूचनांनी विक्री वाढल्याचा जेम्स विकारी यांचा दावा तर बनावटच होता. तेव्हा अंतर्मनाविषयी कोणतेही विधान ऐकले की ते कोणत्या प्रयोगावर उभे आहे आणि तो प्रयोग दुसऱ्या कोणी करून पाहिला आहे का, एवढे विचारावे.

दुर्वा यांचा प्रतिसाद:

मी समुपदेशनाचे काम करते. वरच्या दोन्ही प्रतिसादांतील माहिती योग्य आहे, पण प्रश्नकर्त्याने 'जे कळतच नाही ते थांबवायचे कसे' असे विचारले आहे आणि त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

तुमच्या दोन सवयी एका जातीच्या नाहीत. फोनची सवय जागेला बांधलेली आहे: अंथरूण, उशी, हाताच्या अंतरावर ठेवलेला फोन. नखांची सवय तुम्ही जिथे जाल तिथे सोबत येते, कारण तिला चेतवणारी गोष्ट बाहेर नसून तुमच्या बोटांतच आहे. म्हणून पहिलीसाठी जागेची मांडणी बदलणे पुष्कळ उपयोगी पडते. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावायचा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणायचे, एवढ्यानेच निम्मे काम होते. त्यात मनाच्या खोलीत उतरण्याची काहीही गरज नाही.

नखांसाठी मात्र सवय जाणिवेत आणावीच लागते आणि ती आणता येते. नॅथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ साली मांडलेली सवय-परावर्तनाची पद्धत आजही वापरली जाते आणि तिची पहिली पायरीच जागरूकतेचे प्रशिक्षण ही आहे. तुम्हाला वाटते की बोट एकदम तोंडात जाते. प्रत्यक्षात त्याआधी काही सेकंद एक छोटी साखळी घडून गेलेली असते. अंगठ्याचे टोक त्याच हाताच्या इतर बोटांच्या नखांवरून फिरते, कुठे खरखरीत कड किंवा सुटलेली कातडी लागते का ते चाचपते, तशी कड सापडली की तिथे रेंगाळते, मग हात हनुवटीशी येतो, आणि तोंड त्यानंतर. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणांना ही चाचपणी आपण करतो हेच माहीत नसते. ती एकदा दिसली की कामाला जागा मिळते. चाचपणी सुरू झाल्याचे लक्षात येताच मूठ हलकेच मिटून किंवा हातात पेन घट्ट धरून एक ते तीन मिनिटे तसेच राहायचे. या प्रतिस्पर्धी कृतीमुळे त्या वेळी नख कुरतडणे शक्यच राहत नाही. कड गुळगुळीत करणारी छोटी कानस खिशात असावी, कारण साखळीची पहिली कडी तिनेच तुटते. पहिला आठवडा तर थांबवण्याचा प्रयत्नही न करता फक्त नोंद ठेवावी: कुठे होतो, काय करत होतो, कोणते बोट. नखे कुरतडणे म्हणजे चिंता असे सरसकट समजले जाते, पण नोंदी पाहिल्या की कंटाळा किंवा वाचनात गुंतलेले लक्ष हीच कारणे कित्येकदा निघतात.

मृद्गंधा यांच्या मांडणीत मला एक भर घालायची आहे. सवय नुसत्या आवृत्तीने टिकत नाही; ती काहीतरी देत असते. अंथरुणावरचा फोन अनेकांसाठी दिवसभरातला पहिला स्वतःचा वेळ असतो. तो काढून घेतल्यावर ती गरज दुसरीकडून भागली नाही, तर फोन दुसऱ्या खोलीतूनही परत येतो. यात दडपलेले असे काही नाही, परंतु माणसाला ते विचारल्याशिवाय सांगता येत नाही, हेही तितकेच खरे.

वाक्ये म्हणण्याविषयी थोडे. २००९ सालच्या एका प्रयोगात स्वतःविषयी चांगली वाक्ये म्हणायला लावल्यावर, ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता त्यांना उलट अधिक वाईट वाटले. ज्यांना अशा वाक्यांचा आधार हवा असतो तेच हे लोक.

उत्तररात्र यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनापासून आभार. दुर्वा यांनी लिहिलेली अंगठ्याची गोष्ट वाचून मी माझ्या हाताकडे पाहिले आणि तो नेमके तेच करत होता.

दोन शंका उरतात. एकवीस दिवसांचा नियम कुठून आला आणि खरे किती दिवस लागतात? आणि सवय एकदा सुटल्यावर महिन्यांनी परत येते ती कशी? ती पुसली गेली असेल तर परत यायला नको, आणि पुसलीच जात नसेल तर 'कायमचा बदल' या शब्दांना काय अर्थ उरतो? शिवाय दोन्ही सवयी एकदम हाती घ्याव्यात की एकेक?

मृद्गंधा यांचा प्रतिसाद:

एकवीस दिवसांचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला 'किमान' गळाला आणि नियम तेवढा उरला.

प्रत्यक्ष मोजणी फिलिपा लॅली यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये केली आणि ती २०१० साली प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी कृती निवडून बारा आठवडे रोज केली. ती आपोआप होऊ लागण्याला लागलेल्या काळाचा मधला आकडा (मध्यक) ६६ दिवस होता, पण व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. यातला २५४ हा आकडा आलेखाचा कल पुढे वाढवून काढलेला आहे, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता. हे सहसा कोणी सांगत नाही. तुमच्या कामाची गोष्ट त्यात अशी की एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. खंड पडला म्हणजे सगळे वाया गेले, हा समज खंडापेक्षा जास्त नुकसान करतो.

आता दुसरी शंका. जुनी सवय पुसली जात नाही, यावर संशोधकांचे पुष्कळसे एकमत आहे. विझलेली, म्हणजे फळ मिळणे बंद झाल्यावर थांबलेली, प्रतिक्रिया काही काळानंतर आपोआप परत येते हे पावलोव्हलाच दिसले होते. पुढे मार्क बूटन यांनी दाखवले की एका जागी विझवलेली प्रतिक्रिया दुसऱ्या जागी नेले की पुन्हा उमटते. अॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतील पेशींच्या नोंदी घेतल्या, तेव्हा बक्षीस बंद केल्यावर सवयीचा ठसा मावळला आणि बक्षीस पुन्हा सुरू होताच जवळजवळ जसाच्या तसा परत आला. म्हणजे जुने शिक्षण जागेवरच असते आणि त्याच्यावर 'इथे आता हे नको' असे नवे शिक्षण बसते. हे नवे शिक्षण परिस्थितीला फार घट्ट चिकटलेले असल्यामुळे परिस्थिती बदलली किंवा ताण आला की ते ढिले पडते. कायमचा बदल म्हणजे नव्या कृतीची आवृत्ती इतक्या वेगवेगळ्या परिस्थितींत झालेली असणे, की जुनीला डोके वर काढायला जागा क्वचितच मिळावी. याहून अधिक आश्वासन मी तरी देऊ शकत नाही.

जागेचे बळ किती असते याचे मोठे उदाहरण व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे आहे. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुसंख्य जण मायदेशी आल्यावर पुन्हा व्यसनात अडकले नाहीत, असे ली रॉबिन्स यांच्या १९७०च्या दशकातील पाहणीत आढळले. इतर कारणेही होती, पण ज्या परिसराने सवय चेतवली जात होती तो परिसरच मागे राहिला होता, हे त्यातले एक प्रमुख कारण मानले जाते.

घाटवळण यांचा प्रतिसाद:

शास्त्र मला फारसे कळत नाही, पण 'पुसली जात नाही' हे रोज अनुभवतो. माझ्या आधीच्या गाडीत दिवे दाखवण्याची दांडी चाकाच्या एका बाजूला होती आणि आताच्या गाडीत दुसऱ्या बाजूला आहे. निवांत चालवत असताना हात अचूक नव्या दांडीवर जातो, जणू जुनी गाडी कधी नव्हतीच. मागून कोणी जोरात हॉर्न वाजवला आणि घाईने वळायची वेळ आली, की कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतात. जित्याची खोड म्हणतात ती हीच असावी. दंगा न करता ते बंद करावे आणि पुढे जावे, यापलीकडे मी त्यावर काही करत नाही, आणि हा प्रकार आता क्वचितच होतो.

दुर्वा यांचा प्रतिसाद:

घाटवळण यांचे उदाहरण चपखल आहे, कारण ताणात जुनी कृती का उसळते हे त्यात दिसते: नव्या कृतीला अजून थोडे लक्ष लागते आणि ताणाच्या क्षणी ते लक्ष उपलब्ध नसते. त्यावरचा उपाय शांत वेळी आधी करून ठेवावा लागतो. पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली 'जर-तर' योजना त्यासाठी उपयोगी आहे. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा तिचा परिणाम चांगला मध्यम ते मोठा आढळला. 'जर अंगठा नखावर फिरला, तर मी मूठ मिटेन' असे ठरवले की निर्णय त्या क्षणावर सोपवावा लागत नाही. योजना नकारार्थी मात्र करू नये. 'मी नख तोंडात घालणार नाही' अशा धर्तीच्या योजनांनी, खाण्याच्या सवयींवरील प्रयोगांत, जुनी सवय उलट बळावलेली दिसली आहे. जे करायचे नाही त्याचेच नाव घेत राहिल्याने ते मनात ताजे राहते.

दोन्ही सवयी एकदम घेऊ नयेत असे माझे मत आहे, आणि सुरुवात फोनपासून करावी. ती सवय नवी आहे, जागेला बांधलेली आहे आणि दुसऱ्या खोलीतल्या एका प्लगने तिची बरीचशी सोडवणूक होते. शिवाय झोप सुधारली की दिवसा लक्ष शाबूत राहते आणि अंगठा पकडायला तेच लक्ष लागते. तोवर नखांची नुसती नोंद चालू ठेवा. बाहेरगावी मुक्काम असेल तेव्हा फोन कुठे ठेवायचा हे सामान भरतानाच ठरवावे, कारण तिथे उशीजवळचा प्लग आयता मिळतो आणि घरी बसवलेली घडी बहुतेकांची अशाच पहिल्या रात्री मोडते.